बिगरीतली मोठी पोरं

लालबागजवळच्या महापालिकेच्या शाळेत शिकवतो आणि जुन्या रजिस्टरचं काम कसं कोण जाणे माझ्याच गळ्यात आलंय. हल्ली येतात ते सगळे जात पडताळणीवाले, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची नोंद लागते ना. परवा एक काका आले, मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रासाठी, त्यांच्या आजोबांची नोंद पाहिजे, पण स्वतःच म्हणतात की सर, आजोबा शाळेत गेलेच नव्हते, चान्स घेतोय.

तासभर धूळ खाल्ली आणि नोंद मिळाली. 1926, वय 9, जात कुणबी, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं, वर्ग बिगरी, म्हणजे पहिलीच्याही आधीचा. नऊ वर्षांचा पोरगा बिगरीत! त्या पानावर तसलेच सगळे, आठ, नऊ, दहा वर्षांचे, बापाच्या धंद्यापुढे 'गिरणी'.

काकांना वाटलं चूक असेल. चूक कसली, म्हटलं साल बघा. प्राथमिक शाळा 1907 मध्ये महापालिकेकडे आल्या, सक्तीच्या शिक्षणाचा मुंबईचा कायदा 1920 चा, आणि सक्ती सुरू झाली 1925 ला, तीही आधी फक्त एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ, दादर, वरळी हा आपलाच पट्टा. म्हणून ही मोठी पोरं एकदम बिगरीत. तिकडे गिरगावात 1849 लाच मुलींच्या शाळा निघालेल्या, नाना शंकरशेटांनी वाड्यात जागा दिली होती, आणि त्याच शहरात इकडच्या पोरांना शाळेत यायला अजून पाऊणशे वर्षं लागली. मला तरी याचा रागच येतो.

शाळा सोडल्याचं कारण हा कॉलम तर वाचतच बसावा असा आहे. 1928 च्या उन्हाळ्यात ओळीने 'गावी गेला', 'गावी गेला', 'गावी गेला'. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा मोठा संप होता, पगार बंद, मग बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोकणात. काहींची नावं दिवाळीनंतर परत दाखल, काहींची नाहीच. काकांचे आजोबा परत आलेले. 1929 ला नाव कमी, इयत्ता दुसरी, कारण 'गिरणीत लागला'. वय बारा. 1922 पासून कारखान्यात बाराच्या खालचं पोर घ्यायला बंदी होती, म्हणजे बारा भरले आणि लगेच साच्यावर.

काका म्हणाले, अहो पण ते चाळीत सगळ्यांना नवाकाळ वाचून दाखवायचे, आम्हाला वाटायचं आपले आपण शिकले!

बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, उताऱ्यावर सही-शिक्का दिला. काकांना अख्ख्या पानाची झेरॉक्स हवी होती, ती नाही दिली, बाकीच्यांची नावं असतात. पण पत्ते त्यांनी वाचलेच होते वाटतं, कारण पुढच्या आठवड्यात त्याच चाळीतले अजून दोघं हजर, आमचं पण बघा ना सर. एकाचं त्याच पानावर निघालं.