सर्टिफिकेट मागितलं की नाव फुटलं

स्टेजिंग डॉट अमुक डॉट कॉम. या नावाची लिंक कुठे दिलेली नाही, गूगलवर ते सापडत नाही, टीमबाहेर कोणाला ठाऊक नाही. तरी त्यावर लेट्स एनक्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला) घेतलं असेल, तर ते जगजाहीर आहे.

याचं मूळ 2011 सालात आहे. डिजिनोटार या सर्टिफिकेटं देणाऱ्या डच कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट निघालं आणि इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. कंपनीचं त्याच सप्टेंबरात दिवाळं वाजलं. पुढे असं ठरलं की प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये व्हायची आणि झालेली नोंद खोडायची सोय नाही. क्रोमने 30 एप्रिल 2018 नंतरच्या सर्टिफिकेटांना ही अट लावली, ॲपलने त्याच वर्षी ऑक्टोबरात.

शोधायला सर्वात सोपी जागा म्हणजे सेक्टिगो या सर्टिफिकेट कंपनीची सीआरटी डॉट एसएच ही साइट. चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग डॉट, मग आपलं डोमेन टाका. तेच यूआरएलमध्ये लिहायचं असेल तर नुसतं % चालत नाही, %25 लिहावं लागतं. कर्लने, म्हणजे कमांड लाइनवरून, मागवणारे बरेच जण इथेच अडतात. निकालात कॉमन नेमचा (सर्टिफिकेटवरच्या मुख्य नावाचा) रकाना पाहून थांबू नका. एका सर्टिफिकेटवर लेट्स एनक्रिप्ट 100 नावं घालू देतं, आणि जुळलेली नावं शेजारच्या मॅचिंग आयडेंटिटीजच्या रकान्यात असतात.

एकच सर्टिफिकेट दोनदा दिसेल. ती चूक नव्हे. आधी एक प्रीसर्टिफिकेट बनतं, त्यात मुद्दाम असा एक्स्टेन्शन (जोडलेली जादा नोंद) असतो की ब्राउझरने ते नाकारावं. ते लॉगला जातं, लॉग पोच देतो, ती पोच घालून खरं सर्टिफिकेट निघतं. म्हणजे सर्व्हरच्या हातात सर्टिफिकेट पडण्याआधीच नाव बाहेर गेलेलं असतं. लॉगवर डोळा ठेवणारे बॉट नवं नाव दिसलं की काही मिनिटांत दार वाजवतात. वर्डप्रेसच्या फायली चढवल्या, सर्टिफिकेट घेतलं आणि पासवर्ड ठरवायचं पान जेवणानंतर भरू म्हटलं, तर ते पान दुसराच कोणी भरून जातो. आधी इन्स्टॉलेशन पुरं करा, निदान आपल्या आयपी पत्त्याखेरीज सगळ्यांना अडवून ठेवा, मग सर्टिफिकेट.

यादी मोठी असेल तर ती जेसन या मजकुराच्या साच्यात मागवा आणि जेक्यू या जेसन चाळणाऱ्या कमांडने नेम व्हॅल्यू हे फील्ड काढा. एका फील्डमध्ये अनेक नावं ओळीखाली ओळ असतात, ती सुटी करा, सुरुवातीची चांदणी (*, म्हणजे कुठलंही नाव) आणि डॉट उडवा, सॉर्ट करून दुबार नावं गाळा. मोठ्या डोमेनला साइट वरचेवर 502 ही सर्व्हरची एरर देते. थोडं थांबून पुन्हा मागा, किंवा मुदत संपलेली सर्टिफिकेटं वगळा. डोमेन डॉट भारतसारखं देवनागरीत असेल तर एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं पुनीकोड रूप शोधा. सर्टिफिकेटात तेच असतं.

हाती येते ती मागितलेल्या नावांची यादी, चालू मशीनची नव्हे. बरीच नावं कधीच मेलेली असतात, म्हणून प्रत्येक नाव डिगने, म्हणजे नावाचा पत्ता विचारणाऱ्या कमांडने, तपासा. त्याआधी एक निरर्थक नाव विचारून पाहा. त्यालाही पत्ता मिळाला तर डीएनएसमध्ये (नावाचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत) वाइल्डकार्ड, म्हणजे कुठल्याही नावाला लागू पडणारी नोंद, आहे आणि 'सगळी नावं जिवंत' हा निकाल फसवा आहे. उलट बाजूने, चांदणीच्या सर्टिफिकेटाखाली किंवा कंपनीच्या खासगी सीएखाली (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) लपलेली नावं इथे येतच नाहीत. मात्र चांदणी एकच पायरी झाकते. चांदणी डॉट डेव्ह डॉट अमुक डॉट कॉम असं दिसलं की डेव्हखाली आणखी घरं आहेत हे कळलंच.

लॉग वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, समोरच्या सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. सापडलेल्या नावाचं दार ढकलून पाहणं ही वेगळी गोष्ट. परवानगीशिवाय आत शिराल तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 आहे.

आपलं डोमेन असेल तर नावं लपवायला डीएनएस चॅलेंजने (डीएनएसमध्ये नोंद घालून मालकी दाखवून) वाइल्डकार्ड, म्हणजे चांदणीचं सर्टिफिकेट, घेता येतं, पण मग एकच खासगी किल्ली दहा मशीनवर फिरते. त्यापेक्षा नावात ग्राहकाचं किंवा न जाहीर केलेल्या प्रॉडक्टचं नाव न घालणं स्वस्त. खरा धोका जुन्या नावांचा. क्लाउडवरची सेवा बंद केली आणि तिच्याकडे बोट दाखवणारा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी डीएनएस नोंद) तसाच राहिला, तर काही सेवांवर तीच जागा दुसऱ्याला घेता येते आणि तुमच्या नावाने त्याचं पान उघडतं. म्हणून आधी सीनेम काढा, टीटीएल (जुनी नोंद साठवून ठेवायची मुदत) उलटू द्या, मग सेवा बंद करा.