एका रात्रीत गेलेली नजर

आर्वी तालुक्यातलं मोतीबिंदू शिबिर. रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकणं सुरू होतं. साठीकडे झुकलेले एक कापूस उत्पादक शेतकरी म्हणाले, "सायेब, परवा उठलो तं डाव्या डोळ्यानं खालचं दिसेचना. मोतीबिंदू पिकला असन, काढून टाका."

त्यांचे थेंब मी थांबवले. मोतीबिंदू हळूहळू धूसर करत जातो. न दुखता, एका रात्रीत, तीही वरची किंवा खालचीच नजर गेली असेल तर बिघाड बहुधा डोळ्याच्या मागच्या पडद्यात किंवा डोळ्याच्या नसेत असतो. अशा वेळी थेंबांआधी दोन गोष्टी पाहायच्या: टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताना बाहुली कशी आकसते, आणि बुबुळावर नव्या बारीक रक्तवाहिन्या आल्यात का. बाहुली एकदा मोठी झाली की दोन्ही गोष्टी नीट कळत नाहीत. शिबिराच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

डाव्या डोळ्याची नजर 6/36 (निरोगी डोळ्याला 36 मीटरवरून दिसतं ते त्यांना 6 मीटरवरून), रक्तदाब 180/110. गोळ्या त्यांनी "बरं वाटते" म्हणून सोडल्या होत्या. पडद्याच्या वरच्या, कानाकडच्या भागात ज्वाळेसारखे रक्ताचे डाग पसरले होते. म्हणजे पडद्यातल्या मुख्य शिरेची एक फांदी बंद पडली होती. पडद्यावर वरचं चित्र खाली आणि खालचं वर उमटतं, म्हणून त्यांना खालचं दिसत नव्हतं.

धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींवर एकच वेष्टन असतं. रक्तदाबानं धमनी कडक झाली की ती शिरेला दाबते, प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि गुठळी धरते. मागे तुंबलेलं रक्त आणि पाणी झिरपून पडद्याच्या मधल्या पिवळ्या बिंदूवर, जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं, सूज येते. नजर मुख्यतः या सुजेनं जाते, आणि उपचारही तिच्यावरच आहे. रक्त पातळ करायच्या गोळीनं ही शीर उघडत नाही. ताज्या रक्तावर लेसरही मारायचा नसतो.

सूज ओसीटीवर (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर) मोजतात, त्यासाठी त्यांना वर्ध्याला पाठवलं. सुजेवरचा उपचार म्हणजे डोळ्याच्या आत इंजेक्शन. त्याआधी डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, मग काळ्या-पांढऱ्याच्या सीमेपासून 4 मिलिमीटरवर (लेन्स बसवलेली असेल तर 3.5) 30 गेजच्या सुईनं 0.05 मिली झिरप रोखणारं औषध, त्यातलं बेव्हॅसिझुमॅब असेल तर 1.25 मिलिग्रॅम. सुरुवातीला दर महिन्याला. एका इंजेक्शननं दिसायला लागलं की लोक वेचणीच्या दिवसांत पुढची तारीख चुकवतात, आणि सूज परत येते. हे पहिल्याच दिवशी, मुलासमोर सांगायला हवं. इंजेक्शननंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर आणखी कमी झाली, तर त्याच दिवशी परत यायचं. जंतुसंसर्ग वाट पाहत नाही.

मधली मुख्य शीरच बंद असती तर काळजी जास्त. तेव्हा पुढच्या काही महिन्यांत बुबुळावर नव्या वाहिन्या येऊन काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला थेंबांशिवाय तपासणी हवी.

रक्तदाबाची गोळी त्यांना तिथेच सुरू केली. साखर, कोलेस्टेरॉल आणि दोन्ही डोळ्यांचा दाब तपासायचं चिठ्ठीवर लिहून दिलं. उजव्या डोळ्यातल्या धमन्याही तशाच कडक होत्या.