"कोरी म्हणजे कोरी, मॅडम": दोन फुटी टँकसाठी मासे निवडताना

टँक आणला, फिल्टर लावला, खाली बारीक वाळू टाकली, महिनाभर बिनमाशांचं पाणी फिरवत ठेवलं, त्यात चिमूटभर फिश फूड टाकत राहिले, माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही टेस्टमध्ये शून्य आले. हे सगळं सुरळीत झालं त्यामुळे त्यावर लिहीत नाही. डोकं फिरवलं ते मासे विकणाऱ्यांनी.

आमचा टँक दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, म्हणजे काठोकाठ भरला तरी साधारण ५५ लिटर. ठाण्यात स्टेशनकडच्या एका दुकानात विचारलं की यात काय काय एकत्र राहील, तर उत्तर ठरलेलं, "सब चलेगा मॅडम, सगळ्यांची एकेक जोडी घ्या, टँक भरलेला दिसेल." एक जोडी टायगर बार्ब, एक जोडी एंजल, एक जोडी गप्पी, एक शार्क आणि काच साफ करायला एक सकर. आता टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडणार, एंजल मोठा झाला की निऑनसारखे छोटे मासे गिळणार, आणि दोन इंचाची गोंडस सकर वाढते फूटभर. शार्क म्हणून जो देतात तो पंगॅसियस, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच, मोठा झाला की तीन फुटांच्या पुढे जातो. हे बोलले तर म्हणे, "मासा टँकच्या साइजइतकाच वाढतो." अहो, वाढ खुंटते ती त्याची तब्येत बिघडते म्हणून! आणि वाढलेली सकर नको झाली की लोक जवळच्या तलावात सोडतात, ठाण्यात तलावांना काय तोटा. प्लीज असं करू नका, बाहेरून आलेली ही सकर देशात बऱ्याच ठिकाणी तळ्या-नद्यांत पसरलीये आणि आता निघता निघत नाही.

मी घरूनच कागदावर लिहून गेले होते. वरच्या पाण्यात एक हनी गोरामी, मधे आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा कोरी (कोरीडोरस, तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे). रासबोरा आणि कोरी दोन्ही झुंडीत राहणारे, जोडीने आणले तर कोपऱ्यात दबून बसतात. गोरामी आणि रासबोरा पहिल्याच फेरीत मिळाले. आणि मग कोरी.

कोरीच्या बऱ्याच जाती असतात, मला त्यातली स्टर्बाय कोरीच हवी होती, त्याला कारण होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या टँकचं पाणी ३० डिग्रीला टेकतं आणि बऱ्याच कोरींना गार पाणी लागतं, स्टर्बाय त्यातल्या त्यात गरम पाण्यात टिकते. (निऑन टेट्रा मी याच कारणाने यादीतून काढला, लेक नाराज झाला, होऊ दे.) दुकानदार म्हणाला शुक्रवारी माल येतो. शुक्रवारी फोन केला तर माल आला नाही. पुढच्या शुक्रवारी "आलाय मॅडम, या", म्हणून ऑफिसातून लवकर सुटून, ट्रॅफिकमधून धडपडत गेले तर समोर पेपर्ड कोरी, जिला उलट गारच पाणी लागतं. मी म्हटलं ही ती नाही, तर "कोरी म्हणजे कोरी, मॅडम." स्टर्बायच्या गडद डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि छातीजवळचे पर केशरी असतात, मोबाइलवर फोटो काढून दाखवला तर म्हणाला "मोठी झाली की तशीच दिसेल." काय बोलणार! त्यानंतर "कल पक्का" ऐकून ऐकून कान किटले. नवरा म्हणाला, सोड ना, जे आहे ते घे. मी नाही घेतली. आधी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मगच येते, असं सांगितल्यावर कुठे गाडी पुढे सरकली, तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगा.

शेवटी खरी स्टर्बाय आली, तरी त्याच दिवशी घरी नाही नेली. नुकत्याच आलेल्या मालात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर तो दोन-चार दिवसांत दिसायला लागतो. थोडे पैसे देऊन सहा वेगळ्या ठेवायला लावल्या, सोमवारी जाऊन बघितल्या, मिशा शाबूत, पोटं खपाटीला गेलेली नाहीत, खायला टाकलं तर तुटून पडल्या, मग उचलल्या. एवढं थांबल्यावर अजून तीन दिवस थांबायचं जिवावर आलं होतं, पण त्या सगळ्या छान आहेत आणि मला त्याचा माज आहे.

मधेच आठवलं, गप्पी घेणार असाल तर फक्त नर घ्या. मादी दुकानातूनच गाभण येते आणि नर नसला तरी पुढे कित्येक महिने पिल्लं देत राहते. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका. मे महिन्यात झाकण थोडं उघडून वर जाळी लावा आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरू द्या, तापमान थोडं उतरतं, फक्त पाणी भराभर आटतं तेवढं रोज भरावं लागतं. आणि सगळे मासे एकदम सोडू नका, आधी रासबोरा, आठवडाभराने गोरामी, मग कोरी. आमच्या दुकानदाराच्या कृपेने कोरीसाठीची गॅप आपोआपच पडली.