नरांच्या भांड्यावर माद्या

अंडी उबवून पिल्लं काढतात त्या हॅचरीतून फोन आला तेव्हा मी शेडमध्ये अंडी गोळा करून घेत होतो. आमच्या दोन नंबरच्या शेडची अंडी कँडलिंगला, म्हणजे दिव्यावर धरून तपासताना, भराभर कोरी निघत होती. ब्रॉयलर पेरेंटचा, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या आई-बापांचा तो कळप ४२ आठवड्यांचा. या वयात फलन थोडं उतरतंच, पण इतकं नाही.

मी तडक हॅचरीत गेलो आणि कोरी अंडी फोडून पाहिली. जीव धरून मग मेला असता तर बलकावर रक्ताची रेघ किंवा पसरलेलं वर्तुळ दिसलं असतं. इथे नुसता बारीक, ओबडधोबड पांढरा ठिपका. अंडी फळलीच नव्हती. उबवणीच्या यंत्रात दोष नव्हता, जे काही होतं ते माझ्या शेडमध्येच.

आमच्याकडे नर-माद्या एकत्र राहतात, खाणं मात्र वेगवेगळं. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून माद्यांच्या खाद्यात ते ३ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. नराला १ टक्काही पुरतं, प्रथिनंही कमी लागतात. माद्यांच्या भांड्यांवर ग्रिल असते. तिच्या फटीतून मादीचं डोकं आत जातं, रुंद डोक्याचा, तुऱ्याचा नर अडतो. नरांची भांडी उंच टांगलेली, म्हणजे माद्यांची चोच पोचू नये. रजिस्टर उघडलं. नरांचं खाद्य रोज मोजून, ठरल्या वजनाने दिलेलं. एकाही दिवसाची चूक नाही.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आधीच शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. माद्यांच्या लाइनला खाद्य सुटलं, त्या तुटून पडल्या. मग नरांची लाइन खाली आली. एक मादी आली, मान उंचावून खायला लागली. मग दुसरी, मग झुंडच. मागचे नर त्यांच्या पाठींवरून डोकी घालायला बघत होते. पाच मिनिटांत भांडी साफ.

"काका, हे रोजच असं चालतं?" मी खाद्य टाकणाऱ्या काकांना विचारलं.

"रोजच. मला वाटलं, साहेबांना ठाऊक आहे."

एक नर उचलला. एवढा मोठा पक्षी, पण छातीचं हाड बोटांना सुरीच्या धारेसारखं लागलं. दोन्ही बाजूंचं मांस ओसरलेलं. चेहरा फिका. जोड खाणाऱ्या, म्हणजे मादीशी समागम करणाऱ्या नराचं गुदद्वार लाल, ओलसर असतं. याचं कोरडं, पांढुरकं. त्याला हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मादीच्या पोटात नराचं बीज दोनेक आठवडे टिकतं, त्यामुळे नर थकला तरी अंडी काही दिवस फळत राहतात. म्हणजे हॅचरीला कळायच्या कितीतरी आधीपासून हे नर अर्धपोटी होते आणि मी रोज त्यांच्यामधून फिरत होतो.

टेप लावली. जमिनीवरच्या लिटरपासून, म्हणजे भुशाच्या थरापासून, भांड्याच्या कडेपर्यंत ३८ सेंटीमीटर. पक्षी शेडमध्ये आले तेव्हा मीच ४८ वर बांधलं होतं. मध्ये दोनदा नवा भुसा टाकला, विष्ठेने थर चढत गेला, जमीन वर आली आणि साखळी तिथेच राहिली.

त्याच दुपारी लाइन उचलली, नराला मान थोडी ताणावी लागेल इतकी. माद्या आपल्या भांड्यांना लागल्याशिवाय ती खाली सोडायची नाही, हे काकांशी बोलून ठरवलं. फार खंगलेले नर वेगळे काढून त्यांचं खाद्य थोडं थोडं वाढवलं. एकदम भरपूर दिलं की नर जड होतात आणि जोड खायला मागत नाहीत. दोघे सावरले नाहीत, त्यांना काढावं लागलं.

सहाव्या आठवड्यात हॅचरीतल्या ताईंनी आमच्या शेडचा ट्रे दिव्यावर धरला. एकामागून एक अंड्यात लाल शिरांचं जाळं उजळत गेलं. मी ट्रे संपेपर्यंत तिथून हललो नाही.