हॅम वॉलचा बिटर्न: एप्रिलमध्ये कानांनी, जूनमध्ये डोळ्यांनी

बिटर्न म्हणजे बोरूच्या बनात लपून राहणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी. त्याच्यासाठी बहुतेक लोक एप्रिलमध्ये जातात, कारण तेव्हा नर घुमतो. घुमतो म्हणजे दिसेलच, असं धरून तीन तास बोरूच्या भिंतीकडे बघतात आणि हात हलवत परततात. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या हॅम वॉल अभयारण्यात एक फेरी मध्य एप्रिलला आणि दुसरी जूनच्या सुरुवातीला, अशी आखणी केली तर दोन्ही पदरात पडतं.

लंडनहून पॅडिंग्टन ते कॅसल कॅरी रेल्वे सोयीची, पण पुढे टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. ब्रिस्टलहून ग्लास्टनबरीला बस आहे, मात्र तिच्या भरवशावर पहाट साधत नाही. मध्य एप्रिलला सूर्योदय साधारण सव्वासहाला, जूनच्या सुरुवातीला पाचच्या सुमारास. म्हणून आदल्या रात्री ग्लास्टनबरीत मुक्काम करावा. पार्किंगच्या वेळा आदल्या दिवशीच बघून घ्या. अभयारण्य सांभाळणाऱ्या आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेचे सदस्य नसाल तर पैसे पडतात. पार्किंगपासून जुन्या रेल्वेमार्गाची सरळ, सपाट वाट निघते. व्हीलचेअर, बाबागाडी काहीही चालतं. गमबूट मात्र आणाच, आडवाटा ओल्या असतात.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिल्या व्ह्यूइंग प्लॅटफॉर्मवर उभं राहा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा आवाज येतो. आधी दोन-तीन वेळा धाप लागल्यासारखा श्वास, मग घूं... घूं... असे काही घुमकार आणि पुन्हा शांतता. नर अन्ननलिका फुगवून हा आवाज काढतो. तो इतका खर्जातला असतो की वारा नसेल तर पाच किलोमीटरपर्यंत पोचतो. फोनमध्ये तो नीट टिपला जात नाही, कारण छोटे माइक खालचे सूर कापतात. रेकॉर्डिंग हवंच असेल तर वेगळा रेकॉर्डर घ्या आणि त्यातला लो-कट (खालचे सूर गाळणारी सोय) बंद करा. आवाज ऐकून अंतर सांगायला जाऊ नका. जवळ वाटणारा नर पलीकडच्या जुन्या खाणीतल्या बोरूत असू शकतो.

गणनाही याच आवाजावर चालते. दोघे-तिघे काही शे मीटर अंतरावर उभे राहतात, घड्याळं जुळवतात आणि प्रत्येक घुमकाराची वेळ व होकायंत्रातली दिशा टिपतात. नकाशावर रेषा जिथे छेदतात तिथे नर. चूक होते ती एकट्याने मोजताना: एकच नर जागा बदलून घुमला की त्याचे दोन होतात. शिवाय नरांच्या आकड्यावरून जोड्या मोजता येत नाहीत, कारण बिटर्न जोडीने राहतच नाही. एका नराच्या हद्दीत कधी एकही मादी नसते, कधी तीन-चार असतात. घरटं, उबवणी, पिल्लांचं खाणं सगळं मादीकडे. बापाचा वाटा घुमण्यापुरताच.

म्हणूनच जूनची फेरी. मादी चार ते सहा अंडी सुमारे पंचवीस दिवस उबवते आणि पिल्लं मोठी होत गेली की तिच्या खेपा वाढतात. घरट्यापासून मासेमारीच्या जागेपर्यंत ती बोरूच्या शेंड्यांवरून उडते. दुसरा प्लॅटफॉर्म किंवा अ‍ॅव्हलॉन हाइड (पक्षी बघायची आडोशाची खोली) निवडा, एकच जागा धरून किमान दोन तास बसा. दुर्बीण ८x४२ पुरे. आपल्या ढोकरीचा थोरला चुलतभाऊ डोळ्यासमोर आणा: मान आत ओढलेली, पाय मागे, रुंद तपकिरी पंख घुबडासारखे वाकलेले. मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याची मादीही तपकिरी, पण ती तरंगते, वळते. बिटर्न सरळ रेषेत जाऊन धपकन बोरूत उतरते. तोच मार्ग तासाभरात दुसऱ्यांदा दिसला तर पिल्लं आहेत असं समजा. घरट्याजवळ त्रास देणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा वाट सोडू नका, आवाज वाजवून बोलावणं तर नकोच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधून बिटर्नचं प्रजनन संपलं होतं. १९११ मध्ये नॉरफोकला पुन्हा पिल्लू सापडलं, संख्या वाढली, पण पुढे पुन्हा घसरली आणि १९९७ मध्ये घुमणारे नर उरले फक्त ११. कारण शिकारीपेक्षा बोरूचं सुकणं. दरवर्षीची वाळलेली पानं साठतात, जमीन वर येते, विलोची झाडं घुसतात आणि मासे संपतात. बिटर्नला बोरूच्या बुडाशी उभं पाणी लागतं, तेही मोकळ्या पाण्याच्या कडेला, कारण शिकार त्या काठावरच होते. उपाय म्हणून जुनी बनं खरवडून खोल केली, पाण्याची पातळी झडपांनी राखली. पूर्व किनाऱ्यावरच्या बनांत समुद्राचं पाणी शिरण्याचा धोका होता, म्हणून आतल्या भागात नवी बनं हवी होती. हॅम वॉल ही पीट (दलदलीतली, जळणासारखी वापरता येणारी कुजकी माती) काढून उरलेल्या खड्ड्यांत मुद्दाम उभी केलेली जागा आहे. २०२३ च्या गणनेत देशभरात २३४ नर मोजले गेले.

नऊपर्यंत काही दिसलं नाही तर रस्ता ओलांडून शॅपविक हीथ या शेजारच्या अभयारण्यात जा. ग्रेट व्हाइट एग्रेटचं (मोठ्या बगळ्याचं) ब्रिटनमधलं पहिलं घरटं २०१२ मध्ये तिथेच झालं. आणि जानेवारीत पाणी गोठल्यावर बर्फाच्या कडेला उघड्यावर उभा असलेला बिटर्न दिसला, तर फोटोसाठी पुढे सरकू नका. तो धीट नसतो, उपाशी असतो. त्याला उडवलं की उरलेली ताकदही जाते.