तुम्ही विचारलंत म्हणून: हे कुणाकडून आलं?

“वहिनींच्या माहेरी कुणाला होतं का हो?” बडोद्यात लग्न असो, बारसं असो, सुरसागरच्या काठी भेटलेलं कुणी असो, हा प्रश्न ठरलेला. विचारतात मला, रोख बायकोवर. माझ्या घराण्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

तर कुणाकडूनही आलेलं नाही. लेकीच्या बाविसाव्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एकातला तुकडा गळालाय, डीएनएच्या सुमारे ३० लाख अक्षरांचा. याला २२क्यू११.२ डिलीशन म्हणतात. त्या जागेच्या अल्याड-पल्याड जवळजवळ सारखेच पट्टे असतात. बीजपेशी तयार होताना ते भलतीकडे जुळतात आणि मधला भाग निसटतो. दहातल्या नऊ मुलांत हे असं नव्यानंच घडतं. आम्हा दोघांची तपासणी झाली, दोघांतही हा तुकडा गळालेला नाही. साध्या गुणसूत्र-तपासणीत एवढा लहान तुकडा सहसा दिसतही नाही. म्हणून तान्हेपणी कॅल्शियम उतरून आलेली आकडी, हृदयाचं ऑपरेशन, टाळूमुळे नाकातून येणारा आवाज, या सगळ्याचं मूळ एकच आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

“पण बोलते तर किती छान!” हो, बोलते. वाचतेही झरझर. सुट्टे पैसे मोजताना मात्र तिला घाम फुटतो, आणि समोरचा थट्टा करतोय की टोमणा मारतोय हे चेहऱ्यावरून उमगत नाही. लोक बोलण्यावरून अंदाज बांधतात आणि मग म्हणतात, मुद्दाम करते. मुद्दाम नाही करत. भीतीनं तिचं पोट दुखतं, आणि ते खरंच दुखतं.

पुतणीचं केळवण होतं, दांडिया बाजारातल्या घरी. लेक पानांवर लिंबू वाढत होती. चुलत आत्यांनी भर पंगतीत विचारलं, “अरे, हिच्या आजोळी कुणी वेडसर होतं का रे?” लेक थांबली नाही. एकेका पानावर फोड ठेवत शेवटच्या पानापर्यंत गेली. बायको मान खाली घालून जेवत राहिली. मी आवाज चढवून सांगितलं, कुणाकडून नाही, रिपोर्ट आहे माझ्याकडे, बघायचाय?

रात्री लेक माझ्या खोलीत आली. फाईल तिनं केव्हाच वाचली होती. “बाबा, तुमच्याकडून नाही, आईकडून नाही. मग माझ्याकडून माझ्या बाळाला जाईल?”

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, दर वेळी निम्मी शक्यता असते.

“म्हणजे तेव्हा लोक म्हणतील ते खरं असेल.”

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

तोवर “कुणाकडूनही नाही” हे उत्तर मी छाती पुढे काढून देत होतो. ते खरंच आहे. पण काही आईबापांना मुलाच्या निदानानंतरच कळतं की तोच तुकडा आपल्यातही नाही. त्यांनी काय मान खाली घालायची? आणि माझ्या लेकीनं? हे सगळं पटूनही, पुढच्या पंगतीत कुणी विचारलं तर मी तेच उत्तर देणार. शेजारी बायको बसलेली असते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे का नेता, तेही विचारता. या डिलीशनच्या सुमारे चौघांतल्या एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार, होतो. तिघांना होत नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. लेकीला तो नाही. तिला चिंतेचा त्रास आहे, औषध चालू आहे, आणि कॅल्शियम उतरलं तरी चिंता वाढू शकते म्हणून तेही तपासत असतो. पण खोलीत ती एकटी बोलताना ऐकू आली की मी दाराबाहेर थबकतो. लहानपणापासून ती स्वतःशी बोलतेच, हे माहीत असून.

बायको म्हणते, लोकांना उत्तरच देऊ नका. यावर आमचं एकमत नाही. लेकीला आता जेनेटिक समुपदेशनासाठी न्यायचंय. ती तयार आहे, फक्त एक अट घातलीय: “बाबा, तुम्ही बाहेर बसा. माझं मी विचारते.”