तेवीस लेकरांना दोन शिक्षक कशाला?

लग्नात हा प्रश्न हमखास येतो. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, बँकेत पासबुक छापून देणारा विचारतो, पण लग्नात विचारणाऱ्याकडे वेळ भरपूर असतो. परवा नणंदेच्या यजमानांनी विचारलं, पंगत उठायची वाट बघता बघता. "पट किती म्हणालात?" तेवीस. "आणि शिक्षक?" दोन. "मग दिवसभर करता काय हो वहिनी?" त्यांच्या नातवाच्या शाळेत एका तुकडीत पन्नास मुलं आणि एकच मिस, हेही सांगून झालं. तेवढ्यात वाढायला बोलावलं म्हणून मी नुसती हसले. पण दाजी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. पहिलीत ६, दुसरीत ४, तिसरीत ८, चौथीत ५. झाले तेवीस. तुम्हाला ही एक संख्या दिसते, मला चार वर्ग दिसतात. चार इयत्तांची पुस्तकं वेगळी, चारी वर्गांची भाषा, गणित, इंग्रजी वेगळी. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, ते या हिशेबानं कमीच पडतात. त्यात दोघांपैकी एकावर मुख्याध्यापकाचा चार्ज. केंद्रावरची शिक्षण परिषद, तालुक्याची मीटिंग, कुठली तरी माहिती 'आजच्या आज', बँकेचं काम. सर गाडीला किक मारून निघाले की मी, चार वर्ग आणि एक खोली. दुसरी खोली आहे, पण पावसाळ्यात तिथं बादल्या बसतात.

अशा दिवशी फळ्याच्या मधोमध खडूनं रेघ मारायची. डावीकडं तिसरी, उजवीकडं चौथी. दुसरीला शुद्धलेखन, पहिली खाली फरशीवर चिंचोके घेऊन. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा आम्ही गाड्या करून सातारच्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या एका गटातल्या, शाळा बघायला गेलो होतो. आल्यावर आम्हीही फरशीवर ऑइलपेंटनं चौकटी, गोल, संख्यारेषा आखल्या. आता त्यातलं निम्मं पुसलंय, पण संख्यारेषा टिकून आहे. मधल्या सुट्टीत तिच्यावर लंगडी चालते.

तर एका दुपारी चौथीतला एक जण आठाच्या पाढ्यात अडकला. "आठ साती... आठ साती..." मी थांबले. मागून आवाज आला, "छप्पन्न." पहिलीतली पोरगी. मान खाली, चिंचोक्यांची रांग लावणं चालूच. चौथीतल्या त्या गड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणून ती हुशार असं मी लगेच म्हणत नाही. छप्पन्न चिंचोके मोजून दे म्हटलं तर ती विसाच्या पुढं गडबडते. पण ती चौथीत जाईल तोवर हा पाढा तिच्या कानावरून चार वर्षं गेलेला असेल. आधी नुसता कानावर पडलेला, मग समजलेला, मग पाठ झालेला, आणि शेवटी खालच्या वर्गातल्या कुणाला तरी ओरडून सांगितलेला. एका खोलीत चार वर्ग बसतात त्यातली ही कमाई. ती कुठल्या तक्त्यात भरायची हे अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

तोटाही सांगते. चौथीला मी सलग वीस मिनिटंसुद्धा देऊ शकत नाही. कुणाचा तरी खडू मोडतो, कुणाला तरी लघवीला जायचं असतं. भागाकार शिकवताना मी तीनदा उठते, आणि तिसऱ्यांदा परत येईपर्यंत भागाकार पार विरघळलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो म्हणाल तर दुसरीच्या अंकांत. त्रेसष्ट लिही म्हटलं की लेकरू ३६ लिहितं. ते चुकतं कुठं? आपण तोंडानं आधी 'त्रे' म्हणतो, मग 'साठ'. त्यानं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं, आधी तीन, मग सहा. एकोणसत्तर म्हटलं की ७९ लिहितात, कारण कानाला 'सत्तर' लागलं आणि नऊ कुठून तरी आठवला. एकोण म्हणजे एक उणा, हे मोठ्यांनाही विचारून बघा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडीला दुसरी पद्धत दिली होती. एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन'. केवढा गहजब झाला. टीव्हीवर चर्चा, विधानसभेत विनोद. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलीत, जोडाक्षरांच्या संख्यानामांत मुलं अडखळतात म्हणून. ऐकायला कुणाला सवड नव्हती. खोटं कशाला बोलू, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. स्टाफच्या ग्रुपवर दोन विनोद मीच पुढं ढकलले.

पुढच्या वर्षांत, कोणी बघत नाही असं बघून, मी ते करून पाहिलं. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, बोटभर तुकडे, दहाचा एक गठ्ठा सुतळीनं बांधलेला. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढ्यात ठेवायच्या. काय दिसतं? "साठ, तीन." लिही. ६३ बरोबर लिहिलं जातं. मग सांगायचं, बाळा, यालाच आपली आजी त्रेसष्ट म्हणते. महिनाभर दोन्ही नावं चालतात, मग पहिलं आपोआप गळून पडतं. सगळ्यांचं नाही. एक जण तिसरीत गेला तरी भाव विचारल्यासारखा "सत्तर पाच" म्हणायचा.

वस्तीला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथली लेकरं पहिलीत येतात तेव्हा घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत आलेली असतात. पहिल्या वर्षी मी चित्र दाखवून विचारलं, ही कोण? मला 'आई' हवं होतं. लेकरू म्हणालं, "याडी." मी मान हलवली, "आई म्हण." ते गप्प झालं ते चार दिवस गप्पच. शेवटी तिसरीतली त्याची चुलत बहीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्याडम, त्याचं बरोबरचंय." तेव्हापासून पहिलीचे पहिले दोन महिने तीच माझी दुभाषी. ती पास होऊन गेली, आता तिच्या जागी दुसरी आहे.

आता जेवणाचं. रोज सकाळी शाळेचं जेवण रांधणाऱ्या मावशी दारातून विचारतात, "किती?" पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे तेवीस आले की दोन किलो तीनशे. मावशींचा काटा माझ्या हजेरीपेक्षा पक्का. शिजलं की मुलांना वाढायच्या आधी आमच्यापैकी कुणी किंवा एखाद्या पालकानं खाऊन बघायचं आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचं. तिथं सगळीकडं 'चव चांगली' लिहिलेलं सापडेल. एकदा एका आजींनी सही करायच्या आधी मला सांगितलं, "मीठ कमीय, लिवा तसं." मी लिहिलं. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग किती जेवले ते मोबाइलवर भरायचं. रेंज फक्त लिंबाच्या झाडाखाली येते, म्हणून दुपारी मी झाडाखाली हात वर करून उभी दिसते. त्यावरून वस्तीत माझी नक्कल करणारा एक कलाकार तयार झालाय. बालसभेत त्याला दरवेळी वन्समोअर मिळतो.

दिवाळी जवळ आली की हे तांदळाचं माप माझ्या डोक्यात फिरायला लागतं. आमच्याकडची निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत गाड्या लागतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत. मी या शाळेवर आले त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तर नऊ लेकरं. मावशींनी नऊशे ग्रॅम तांदूळ मोजला आणि म्हणाल्या, "एवढ्याला मोठं पातेलं कशाला काढू?"

आता हंगामी वसतिगृह चालतं. नाव वसतिगृह, पण इमारत वगैरे काही नाही. लेकरू रात्री आजीकडं किंवा चुलत्याकडं झोपतं आणि त्याचं सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून होतं. त्यामुळे गेल्या वर्षी तेवीसपैकी अठरा राहिले. पण ते अठरा आपोआप राहत नाहीत. दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस शाळा सुटल्यावर मी आणि सर दारोदार जातो. दाजी, दिवसभर काय करता विचारलंत ना, हे रात्रीचं.

चौथीतली एक पोरगी होती. आईच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. फडात आई ऊस तोडणार, मोळ्या बांधणार, बाळाला कोण बघणार? तर ही. तिची आजी ओट्यावर बसून होती. मी म्हटलं, आजी, तुम्ही आहात, हिला ठेवा की इथं. आजी म्हणाल्या, "मी ठेवीन. त्या तान्ह्याला पण ठेवू का? दूध तू पाजतीस?" मला काहीच सुचलं नाही. सरांनी चहा घेतला. आम्ही तीनदा गेलो, चौथ्या दिवशी गाडी लागली आणि पोरगी गेली. अशी घरं असतात, तिथं माझ्याकडं उत्तर नसतं. जाताना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे जिथं कोपी, तोडकऱ्यांची झोपडी, पडेल तिथल्या जवळच्या शाळेनं दाखल करून घ्यावं. कधी त्यावर तिकडच्या शाळेचा शिक्का येतो. बहुतेक वेळा पत्रक पेटीत घडी घालून ठेवलं होतं तसंच परत येतं.

गाव काय करतं, असंही विचारतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बायका लागतात. आमची समिती नियमात बसते, पण नोव्हेंबरात तिची बैठकच होत नाही, कारण अध्यक्ष ऊस तोडायला गेलेले. गेल्या वर्षी त्यांनी फडातून फोन केला होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "म्याडम, पत्र्याचं काय झालं?" तिकडं बसून त्यांनी दोन टोळ्यांत वर्गणी गोळा केली आणि वसतिगृहाच्या चुलीवर चार पत्रे पडले. त्याच गावातले, लेकराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणारे दोन बागायतदार मात्र १५ ऑगस्टला झेंड्याच्या दोरीची गाठ चुकली म्हणून मला अजून बोलतात. बोलू देत.

२०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा झाली, तेव्हा वस्तीवर सगळ्यात आधी विचारायला आल्या त्या बायका. पलीकडच्या गावची शाळा डोंगर उतरून, ओढा ओलांडून. चौथीचं लेकरू जाईल एक वेळ. पहिलीचं? आणि वसतिगृहाची लेकरं संध्याकाळी जेवायला कुठं येणार? मी त्यांना काय सांगणार, आमचा पट तेव्हा एकवीस होता.

या मार्चात, शाळा सकाळची झाल्यावर, तिसरीतला एक गडी परत आला. बेळगावकडं गेला होता, चार महिने. रंग रापलेला, पायात बापाच्या मापाची चप्पल. त्याची जागा संख्यारेषेच्या टोकाशी असते, पोरांनी ती मोकळीच ठेवलेली. तो बसला. मला वाटलं होतं याचं सगळं पुसलं गेलं असणार, म्हणून सोपं विचारावं म्हणून काड्या पुढं ठेवल्या. दोन गठ्ठे आणि एक सुटी.

तो म्हणाला, "इप्पत्तोंदू."

सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, हे काय रे?

"तिकडं मोळ्या मोजताना शिकलो म्याडम. इप्पत्तू म्हंजी वीस, ओंदू म्हंजी एक." मग काड्यांकडं बघत जरा थांबला. "आपण दुसरीत म्हणायचो तसंच. ते मोठे होऊन पण तसंच म्हणतेत."

त्या दिवशी मावशींना ताटं मोजायला दुसरीचे चौघं गेले आणि ओंदू, एरडू, मूरू करत मोजून आले. मावशींनी दारातून मला विचारलं, "ते राहू द्या, आपल्यात किती झाले?"